को-ऑपची पहिली वर्क टर्म : जागा कशी शोधावी, तयारी कशी करावी?

पूर्वरंग

नमस्कार. मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असून आमचा अभ्यासक्रम को-ऑप पद्धतीचा आहे. एक सत्र वर्गात शिकायचे आणि पुढचे सत्र एखाद्या कंपनीत किंवा संस्थेत पगारी काम करायचे, असे पदवी मिळेपर्यंत आलटून पालटून चालते. माझी पहिली वर्क टर्म पुढच्या सत्रात आहे आणि विद्यापीठाच्या पोर्टलवर जागांच्या जाहिराती येऊ लागल्या आहेत.

अडचण अशी की जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत पूर्वानुभवाची अपेक्षा लिहिलेली असते, आणि अनुभव मिळावा म्हणूनच तर ही टर्म असते. वरच्या वर्गातली मंडळी एकच सल्ला देतात, की दिसेल त्या जागेला अर्ज टाकत जा, कुठेतरी लागेल. मला तो पटत नाही. जी जाहिरात मी नीट वाचलेलीही नाही, तिच्या मुलाखतीत मी काय बोलणार? मोजक्या जागा निवडून त्यांची कसून तयारी करावी, असे माझे मत आहे. रेझ्युमेत काय लिहावे, मुलाखतीला कसे सामोरे जावे आणि मिळेल ती पहिली ऑफर स्वीकारावी का, या तिन्हींबद्दल जाणकारांचे विचार वाचायला आवडतील.

सांजवारा

उपयुक्त धागा. वाचनखूण साठवली आहे. भाचा याच उंबरठ्यावर आहे.

गणकयंत्र

धागाकर्तीच्या मताशी मी असहमत आहे. मी स्वतः को-ऑप करून पदवी घेतली आहे. पहिल्या टर्मच्या वेळी तुम्हाला कोण निवडेल याचा अंदाज कुणालाच बांधता येत नाही, तुम्हाला स्वतःलाही नाही. जिथे हमखास बोलावतील असे वाटते तिथून उत्तर येत नाही, आणि सहज म्हणून पाठवलेल्या अर्जाला मुलाखत लागते. मोजक्याच जागांवर भिस्त ठेवली आणि त्या हुकल्या, तर पहिली फेरी संपलेली असते आणि पुढच्या फेऱ्यांत उरलेल्या जागांसाठी गर्दी असते. पोर्टल जितके अर्ज करू देते तितके करावेत. तिसऱ्या-चौथ्या टर्मला निवडीचे चोचले परवडतात.

वाळूचे_घड्याळ

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहितो. आमच्या विभागात दर सत्राला को-ऑपचे विद्यार्थी येतात आणि त्यांचे रेझ्युमे चाळण्याचे काम बहुतेक वेळा माझ्याकडे असते. गणकयंत्र यांचा सल्ला हिशेबाला बरोबर असला, तरी त्याचा परिणाम आम्हाला कसा दिसतो ते सांगणे आवश्यक वाटते. एकाच साच्यातले शेकडो अर्ज समोर येतात, आणि कव्हर लेटरमध्ये दुसऱ्याच कंपनीचे नाव तसेच राहिलेले आढळणे ही मुळीच दुर्मीळ गोष्ट नाही. असा अर्ज बाजूला ठेवताना मला वाईटही वाटत नाही, कारण पाठवणाऱ्याने तो पाठवण्यापूर्वी एकदाही वाचलेला नसतो.

आता अनुभवाच्या रकान्याबद्दल. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे नोकरीचा अनुभव नसणार, हे आम्हाला ठाऊक असते. जाहिरातीतली लांबलचक यादी ही पुष्कळदा मागच्या सत्राच्या मजकुरावरून उतरवलेली असते, किंवा ज्याला ते काम करवून घ्यायचे असते त्याची ती इच्छासूची असते. निम्म्या गोष्टी येत असतील तर अर्ज जरूर करावा. मला पाहायचे असते ते एवढेच, की या मुलाने किंवा मुलीने कधी एखादी गोष्ट सुरू करून शेवटास नेली आहे का, आणि वाटेत आडवे आलेले प्रश्न कसे सोडवले.

एक उदाहरण देतो. एका रेझ्युमेत ओळ होती, ‘सांघिक प्रकल्पात सक्रिय सहभाग, उत्तम संवादकौशल्य.’ यातून मला काहीही कळले नाही. मुलाखतीत विचारल्यावर समजले, की प्रयोगशाळेत तापमानाच्या नोंदी हाताने घेतल्या जात होत्या आणि या मुलीने सेन्सर जोडून त्या आपोआप साठवणारा प्रोग्रॅम लिहिला होता. मधूनच काही नोंदी गळत होत्या. तिने आधी प्रोग्रॅमवर संशय घेतला, मग केबल बदलून पाहिली, आणि अखेरीस एक जोडणी सैल असल्याचे शोधून काढले. हा सगळा ऐवज तिच्याजवळ होता आणि कागदावर मात्र ‘सक्रिय सहभाग’ होता! तीच ओळ ‘तापमानाच्या हाताने होणाऱ्या नोंदींऐवजी स्वयंचलित नोंदींची व्यवस्था उभारली, गळणाऱ्या नोंदींचे कारण शोधून दुरुस्ती केली’ अशी असती, तर मुलाखतीपूर्वीच तिचे पारडे जड झाले असते.

रेझ्युमे एका पानाचा असावा, प्रकल्प वर असावेत, आणि जी गोष्ट केवळ ऐकून माहीत आहे ती कौशल्यांच्या यादीत नसावी. यादीतल्या प्रत्येक शब्दावर प्रश्न येऊ शकतो, आणि मी तरी नेमका सर्वांत अनोळखी शब्द निवडतो.

निरभ्र

शेवटचे वाक्य वाचून मी माझ्या रेझ्युमेतून तीन शब्द तातडीने हटवले आहेत. धन्यवाद.

तळटीप

थोडे अवांतर होईल, परंतु धाग्याच्या मूळ प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. को-ऑपची ही पद्धत १९०६ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांनी सुरू केली. पहिल्या तुकडीत २७ विद्यार्थी होते आणि ते एक आठवडा वर्गात, एक आठवडा कारखान्यात अशा पाळीने जात. श्नायडर यांचे निरीक्षण असे होते, की यशस्वी झालेल्या अनेक पदवीधरांनी शिकत असताना कुठे ना कुठे काम केलेले असते. शिवाय महागडी यंत्रसामग्री महाविद्यालयात आणून ती जुनी होईपर्यंत सांभाळण्यापेक्षा, जिथे ती रोज चालते त्या कारखान्यालाच प्रयोगशाळा मानणे त्यांना अधिक शहाणपणाचे वाटले.

पुढे बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्नने १९०९ मध्ये आणि फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेलने १९१९ मध्ये ही पद्धत स्वीकारली. कॅनडातील वॉटरलू विद्यापीठाची तर सुरुवातच १९५७ साली को-ऑप अभियांत्रिकीने झाली. ब्रिटनमध्ये सँडविच अभ्यासक्रम या नावाने असाच प्रकार चालतो. त्यात कुठे सलग वर्षभराचे काम असते, तर कुठे सहा-सहा महिन्यांचे दोन तुकडे. भारतात पिलानीच्या बिट्सने १९७३ पासून चालवलेली प्रॅक्टिस स्कूल ही याच कुळातली म्हणता येईल.

हे सांगण्याचे कारण असे, की कामाच्या तुकड्याची लांबी पाहून तयारीचे स्वरूप बदलते. चार महिन्यांच्या टर्ममध्ये पहिला महिना माणसे, यंत्रणा आणि परवानग्या समजून घेण्यात जातो. त्यामुळे तिथे लवकर रुळणारा विद्यार्थी हवा असतो. सहा महिन्यांच्या किंवा वर्षभराच्या नेमणुकीत मात्र विद्यार्थ्याला शिकवून तयार करण्याची उसंत मिळते आणि कोऱ्या पाटीचा विद्यार्थीही घेतला जातो. अर्ज करताना हा फरक लक्षात घ्यावा.

गणकयंत्र

पहिल्या तुकडीत अवघे २७ विद्यार्थी! म्हणजे ज्या काळात अर्जांची संख्या वाढवण्याची गरजच नव्हती, त्या काळाचा दाखला देऊन माझा मुद्दा खोडला जात आहे, याची नोंद घ्यावी.

मधली_सुट्टी

जागा मिळण्याची यंत्रणा सर्वत्र एकसारखी नसते आणि ती आधीच समजून घेणे फार गरजेचे आहे. काही ठिकाणी कंपनी थेट ऑफर देते आणि विद्यार्थ्याने ठरावीक मुदतीत होकार किंवा नकार कळवायचा असतो. वॉटरलूसारख्या ठिकाणी मुख्य फेरीत मुलाखती झाल्यावर कंपन्या विद्यार्थ्यांना क्रमांक देतात, विद्यार्थी कंपन्यांना क्रमांक देतात, आणि दोन्ही बाजूंच्या क्रमांकांची बेरीज जितकी कमी, तितकी ती जुळणी होण्याची शक्यता अधिक. एकदा जुळणी झाली की ती बंधनकारक असते.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की जिथे काम करायचेच नाही अशा जागेची मुलाखत देऊन तिला शेवटचा क्रमांक देणे हा निरुपद्रवी खेळ नाही. तीच जागा गळ्यात पडू शकते. गणकयंत्र म्हणतात तसे भरमसाट अर्ज करणाऱ्याने निदान एवढे करावे, की जिथे जाणे अशक्य आहे तिथे अर्ज करू नये. होकार दिल्यानंतर अधिक चांगली ऑफर आली म्हणून पहिली मोडणे हे तर बहुतेक विद्यापीठांत नियमभंग समजले जाते. त्यातून ती कंपनी पुढच्या सत्रात त्या विद्यापीठाकडे फिरकली नाही, तर नुकसान मागून येणाऱ्यांचे होते.

गणकयंत्र

हे मान्य आहे. माझ्या सल्ल्याला ‘जिथे जाण्याची तयारी आहे अशा सर्व ठिकाणी’ ही अट जोडतो. संख्येचा आग्रह मात्र सोडत नाही.

पानगळ

येथे सर्व चर्चा अभियांत्रिकीच्या अंगाने चालली आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. मी मानव्यशाखेची विद्यार्थिनी होते आणि माझ्या कामाच्या टर्म एका अभिलेखागारात आणि एका सरकारी कार्यालयाच्या संपर्क विभागात झाल्या. आमच्या शाखांसाठी पोर्टलवर जागा थोड्या असतात आणि ज्या असतात त्यांची नावे फसवी असतात. ‘प्रशासकीय साहाय्यक’ या नावाखाली संशोधनाचे चांगले काम दडलेले असू शकते आणि ‘संशोधन साहाय्यक’ म्हणून नेमून फायलींच्या छायाप्रती काढायला लावले जाऊ शकते. त्यामुळे शीर्षकापेक्षा कामाचे वर्णन वाचावे, आणि त्यातही क्रियापदे वाचावीत. ‘मदत करणे’ आणि ‘सहभागी होणे’ एवढेच लिहिलेले असेल, तर प्रत्यक्षात काय करायचे आहे हे त्यांनीही ठरवलेले नसण्याची शक्यता असते.

दुसरे म्हणजे पोर्टल हा एकमेव मार्ग नव्हे. अनेक विद्यापीठांत स्वतः शोधून आणलेली जागा को-ऑप कार्यालयाकडून मंजूर करून घेता येते. कामाचे तास, पगार, कालावधी आणि देखरेख करणारी व्यक्ती यांच्या अटी पूर्ण झाल्या की पुरते. माझी पहिली जागा अशीच मिळाली. मी अभिलेखागाराच्या विभागप्रमुखांना एक छोटे पत्र लिहिले होते. त्यांच्याकडच्या एका संग्रहाची सूची अपुरी असल्याचे माझ्या निबंधाच्या वेळी लक्षात आले होते, तेवढाच उल्लेख त्या पत्रात केला आणि हे काम करण्याची इच्छा कळवली. सर्वसाधारण ‘आपल्या संस्थेत काही संधी असल्यास कळवावे’ या पत्राला उत्तर आले असते, असे मला वाटत नाही.

वाळूचे_घड्याळ

पानगळताई, क्रियापदांचा मुद्दा अतिशय नेमका आहे. आमच्या जाहिरातीही मी आता त्या नजरेने तपासणार आहे.

दूरदेशी

परदेशात शिकणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची बाब. को-ऑप हा अभ्यासक्रमाचा भाग असला, तरी काम करण्याची परवानगी आपोआप मिळालेली असते असे नाही. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असणाऱ्यांना यासाठी सीपीटी ही (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची) परवानगी काम सुरू होण्यापूर्वी घ्यावी लागते आणि ती आय-२० या विद्यापीठाने दिलेल्या प्रमाणपत्रावर नोंदवली जाते. एकाच पदवीच्या पातळीवर पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा अधिक झाली, तर पदवीनंतरच्या ओपीटीचा, म्हणजे शिक्षणाशी निगडित काम तात्पुरते करण्याच्या परवानगीचा, हक्क त्या पातळीपुरता जातो. सहा-सहा महिन्यांच्या दोन टर्म लागोपाठ करणाऱ्यांनी तारखा मोजून ठरवाव्यात आणि विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी बोलल्याशिवाय होकार देऊ नये. मित्राला चालले म्हणून आपल्याला चालेल, या भरवशावर तर अजिबात राहू नये. अन्य देशांचे नियम निराळे आहेत आणि ते बदलतही असतात. त्या-त्या सरकारचे संकेतस्थळ त्याच आठवड्यात उघडून वाचावे.

काटकोन

धागाकर्तीच्या तिसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, तो म्हणजे पहिली ऑफर स्वीकारावी का. मला मोठ्या नावाची भुरळ हा या सर्व प्रकारातला सर्वांत मोठा दोष वाटतो. माझ्या दोन टर्म एका बड्या कंपनीत आणि एका लहानशा संघात झाल्या. बड्या ठिकाणी ज्यांच्या हाताखाली मला नेमले होते, त्यांची मी रुजू होण्याच्या सुमारास बदली झाली, आणि नव्या वरिष्ठांना माझ्यासाठी काय काम ठरले होते याची कल्पनाच नव्हती. बराच काळ मी जुने अहवाल एका साच्यातून दुसऱ्या साच्यात भरत बसलो. लहान संघात मात्र माझे काम दर आठवड्याला कोणीतरी बारकाईने तपासत असे आणि चूक असेल तर तिथेच दाखवत असे. पुढच्या मुलाखतींत मी जे काही सांगू शकलो, ते सारे त्या लहान जागेतले होते.

म्हणून पहिल्या टर्मला मी एकच निकष लावेन, की माझे काम रोज कोण पाहणार आहे. पगार, नाव, कार्यालयाची इमारत या गोष्टी त्यानंतर.

मधली_सुट्टी

काटकोन यांच्याशी अंशतः सहमत आहे. पगार ‘त्यानंतर’ ठेवणे सर्वांना शक्य नसते. अनेकांचे पुढच्या सत्राचे शुल्क याच पगारातून भरले जाते, आणि काम दुसऱ्या शहरात असेल तर चार महिन्यांसाठी खोली शोधणे, सध्याची खोली दुसऱ्याला देणे, प्रवास हे सगळे धरून हिशेब करावा लागतो. कागदावर अधिक दिसणारा पगार हातात कमी उरू शकतो. हा हिशेब होकार देण्यापूर्वी करावा, नंतर नव्हे.

निरभ्र

नकारांबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. पोर्टलवर एकेका अर्जापुढे ‘निवड झाली नाही’ असे उमटत जाते आणि शेजारच्या खोलीतला मुलगा कुठल्या मुलाखतीला कोणता सदरा घालावा या विवंचनेत असतो. अशा वेळी नकारांचे वर्गीकरण करून पाहावे, हा मला मिळालेला सर्वांत चांगला सल्ला आहे. मुलाखतीचे बोलावणेच येत नसेल तर दोष बहुधा रेझ्युमेत किंवा जागांच्या निवडीत असतो. बोलावणी येतात पण पुढे काही होत नसेल, तर मुलाखतीच्या तयारीकडे पाहावे. दोन्हींवर एकच औषध लागू पडत नाही. को-ऑप कार्यालयात सराव-मुलाखती घेतात, त्यांचा लाभ फार थोडे विद्यार्थी घेतात. मीही तिथे गेलो तेव्हा रांग नव्हती, सल्लागार मला पाहून चकित झाल्यासारखे वाटले.

पूर्वरंग

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वाळूचे_घड्याळ यांच्या प्रतिसादानंतर मी रेझ्युमे नव्याने लिहिला, आणि गणकयंत्र यांच्या सल्ल्याला मान देऊन अर्जांची संख्याही वाढवली. मात्र प्रत्येक जाहिरात पूर्ण वाचल्याशिवाय अर्ज केला नाही. दोन मुलाखती ठरल्या आहेत. पहिली एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअर चाचणीच्या कामाची आहे. दुसरी एका प्रयोगशाळेत असून तिथे प्रयोगांची माहिती नीट लावून तिचे विश्लेषण करायचे आहे. मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ असे विचारतात, तेव्हा काटकोन यांचा निकष तपासण्यासाठी नेमके काय विचारावे? ‘माझ्याकडे लक्ष कोण देणार?’ असे थेट विचारणे उद्धटपणाचे वाटते.

वाळूचे_घड्याळ

मुळीच उद्धटपणाचे नाही, फक्त शब्द बदलावेत. ‘मागच्या सत्रात या जागेवर असलेल्या विद्यार्थ्याने शेवटी काय पूर्ण केले?’ हा प्रश्न विचारा. मुलाखत घेणारा क्षणाचाही विलंब न लावता एखादे ठोस काम सांगू लागला, तर ती जागा चांगली आहे असे समजावे. ‘ते अनेक गोष्टींमध्ये मदत करत होते’ असे उत्तर आले, तर पानगळताईंनी क्रियापदांबद्दल सांगितले आहेच. दुसरा प्रश्न असा, की पहिल्या दोन आठवड्यांत माझ्याकडून काय अपेक्षित असेल आणि अडले तर मी कोणाला विचारायचे. ज्यांनी विचार केलेला असतो त्यांच्याकडे याचे उत्तर तयार असते.

तुमच्या बाजूने सांगायचे तर दोन-तीन प्रसंग घासूनपुसून तयार ठेवा. परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय सोपवले होते, तुम्ही स्वतः काय केले आणि त्यातून काय निष्पन्न झाले, या क्रमाने दीड-दोन मिनिटांत सांगता आले पाहिजे. विद्यार्थी परिस्थितीच्या वर्णनातच सगळा वेळ घालवतात आणि ‘आम्ही केले, आम्ही केले’ म्हणत राहतात. संघात पाच जण होते हे मान्य. मला तुमच्या वाट्याचे काम ऐकायचे असते. मोठ्या कंपनीच्या चाचणीच्या जागेला कमी लेखू नका. एखादा दोष पुन्हा घडवून दाखवता येईल अशा रीतीने लिहून देणे हे कौशल्य पुढे कुठल्याही कामात वापरता येते. त्या मुलाखतीत बहुधा एखादी साधी वस्तू किंवा अर्ज-पृष्ठ देऊन ‘याची चाचणी कशी कराल?’ असे विचारतील. लगेच उत्तर देत सुटू नका. ती वस्तू कोणासाठी आहे आणि काय झाले म्हणजे ती बिघडली असे मानायचे, हे आधी विचारा.

काटकोन

यात एक भर. प्रयोगशाळेच्या मुलाखतीत माहिती कोणत्या स्वरूपात साठवलेली आहे आणि ती आजवर कोण हाताळत आले आहे, हे अवश्य विचारा. ती व्यक्ती तुमच्या टर्मच्या काळात तिथे असणार आहे की नाही, हेही त्याच ओघात कळेल.

पानगळ

आणि ऑफर आल्यावर करारपत्रातील गोपनीयतेचे कलम वाचून मगच सही करावी. टर्म संपल्यावर विद्यापीठाला अहवाल द्यावा लागतो आणि पुढच्या मुलाखतींत केलेले काम दाखवावेसे वाटते. त्यातले काय बाहेर सांगता येईल हे रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांना लेखी विचारून ठेवले, तर शेवटी धावपळ होत नाही. दर शुक्रवारी त्या आठवड्यात केलेल्या कामाच्या चार ओळी लिहून ठेवल्या की अहवालही त्यातूनच तयार होतो.

गणकयंत्र

पूर्वरंग, निकाल लागला की इथे कळवा. आणि दोन मुलाखती ठरल्या म्हणून अर्ज करणे थांबवू नका, दुसरी फेरी अजून उघडायची आहे.